आठ बसलेल्या, एक उभी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘मुलींच्या खो-खो संघाचा इतिहास’ लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला. मी आधी कार्यालयाबाहेरच्या लाकडी फळ्याचा फोटो मागवला. आमच्या संघाच्या नावावर तिथे तीनच ओळी आहेत. १९८६, १९८७, १९८८. पुढे ‘जिल्हा उपविजेता’ एकदाच, आणि त्यापुढे कर्णधाराचं नाव. संघ बारा जणींचा असायचा. तेव्हा हा इतिहास उरलेल्या अकरा जणींकडून लिहिते आहे असं समजावं. नावं लिहीत नाही. लग्नानंतर काहींची आडनावंच काय, नावंही बदलली. सासरी कुणाला काय आवडेल ते सांगता येत नाही. टोपणनावं लिहिते. ज्यांची त्यांना कळतील.

१९८६ साली मी आठवीत होते. शाळेचं मैदान म्हणजे काळ्या मातीचं रान. पावसाळ्यात चप्पल रुतायची, उन्हाळ्यात भेगेत पाय जायचा. खेळाच्या बाई त्याच वर्षी नव्या आल्या होत्या, पुण्याकडच्या. पहिल्या पालकसभेत त्यांनी काय मागावं? मुरूम. दोन ट्रॉल्या मुरूम आला आणि पुढचे आठ दिवस आम्ही फक्त खडे वेचले. रोलर नव्हता, म्हणून पत्र्याचं पिंप पाण्याने भरून आडवं केलं आणि सहा जणींनी लोळवलं. गावातल्या सुताराने बाभळीचे दोन खुंट करून दिले. बाईंनी त्यांवरून तळहात फिरवला, कुसळ लागलं, तशीच जोडी परत पाठवली. तीनदा रंधा मारून घेतला. सुतार म्हणाला, “बाई, देव्हाऱ्यालाबी एवढी कटकट करीत न्हाईत लोकं.” फक्की महिनाअखेर संपायची, मग कुणाच्या तरी चुलीतली राख चाळून आणायची आणि तिच्याने पाट्या आखायच्या. राखेची रेघ पांढरी दिसत नाही, पण ओल्या मुरमावर बरी उठते.

कपड्यांवरून गावात जे झालं ते लिहीत बसत नाही. हाफ पँट कुणाच्याच घरी चालली नाही. बाईंनी सलवारीच्या मोहऱ्यांना रबर लावून घेतलं आणि विषय मिटवला. स्पर्धेला शहरातल्या शाळांच्या मुली आमच्या फुग्यांसारख्या सलवारी बघून हसायच्या. गुडघे मात्र आमचेच कमी फुटले.

बाई एक गोष्ट सारखी सांगायच्या. बघणाऱ्याला उभी असते तीच दिसते, पण खेळतात त्या बसलेल्या आठ. ज्यांनी खो-खो फक्त लांबून पाहिला त्यांना हे पटत नाही. मधल्या पाटीवर आठ जणी, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. बसायचं ते मांडी घालून नव्हे, चवड्यांवर, एक पाय किंचित पुढे, बोटं जमिनीला टेकलेली, कुल्ले अधांतरी. मान वळवून पाठीमागचं बघायचं. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खुंटापर्यंत सोडता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांमधून हवी तशी जाते. म्हणजे गडी मिळवायचा तर पळण्यापेक्षा खो वेळेवर द्यायला हवा, आणि तो मिळण्याआधी बसलेलीने उठता कामा नये. उठली की फाउल. खो द्यायचा तो पाठीमागून, हात लावून आणि तोंडाने मोठ्याने. दोन्ही एकदम.

मी चांगली बसायचे. म्हणून माझं नाव ठोकळा. हे कौतुक होतं हे कळायला मला वर्ष लागलं.

भिंगरी आमची हुकमी आक्रमक. तिचा खो इतका खणखणीत की शेजारच्या प्राथमिक शाळेतली पोरं दचकायची. पाल खुंटावर सूर मारायची. खुंटाला चिकटून पळणारीचा टाच-दोन टाच अंदाज चुकला की पालीचा हात तिथे असायचाच. आणि घड्याळ. तिच्यासारखी पळती मी परत पाहिली नाही. एकेरी साखळीत, म्हणजे एकेका बसलेलीच्या मधून नागमोडी, ती पळायची आणि ओठ हलत असायचे. आम्हाला वाटायचं देवाचं नाव घेते. एकदा विचारलं तर म्हणाली, “एकोणतिसाचा पाढा. तीनदा संपला की समजायचं, लई वेळ झाला.” तिच्याकडे घड्याळ नव्हतं, आमच्या कुणाकडेच नव्हतं.

एसटीने स्पर्धेला जाताना बाई खेळाच्या गोष्टी सांगायच्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली या खेळाचे नियम कसे बसवले, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच कोल्हापुरात १९६०-६१ ला कशी झाली, १९७१ साली अचला देवरेंना अर्जुन पुरस्कार कसा मिळाला. आपल्या मावशी-आत्यांबद्दल बोलावं तशा बोलायच्या. अर्जुन पुरस्कार म्हणजे नेमकं काय मिळतं, यावर मागच्या सीटवर वाद. पालीचं म्हणणं, सोन्याचा बाण.

१९८८ च्या दिवाळीत घड्याळाचं लग्न ठरलं. दहावी व्हायची होती. बाई तिच्या घरी गेल्या आणि चहा पिऊन परत आल्या.

डिसेंबरात तिच्याशिवाय आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो, हे आजही मला खरं वाटत नाही. आदल्या संध्याकाळी स्टँडवर भिंगरीने दोन गारेगार खाल्ली. थंडीचे दिवस. बाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि रात्री स्वतःच्या पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून दिली.

शेवटचं आक्रमण आमचं होतं. त्यांचे अकरा गुण, आमचे दहा. एक गडी मिळाला की बरोबरी आणि जादा डाव. वेळ संपत आलेली. त्यांची एक उंच मुलगी पळत होती, लाल रिबिनीची. भिंगरी तिच्या मागे, मी खुंटाजवळून दुसरी. लाल रिबीन माझ्या अंगावरून वळली. मी उठले, दोन पावलं टाकली आणि तिच्या खांद्याला माझी बोटं लागली. बाद. शिट्टी वाजली. पण पंचांचा हात माझ्याकडे. खो मिळण्याआधी उठली, फाउल. नियमाप्रमाणे आम्हाला मागे फिरावं लागलं, रिबीन तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी.

परतीच्या एसटीत कुणी काही बोललं नाही. बाईंनी माझ्या शेजारी बसून एक संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. ठोकळा हे नाव त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही. ते मला फार लागलं.

पुढे दोन वर्षांनी बाईंची बदली झाली, मुरमावर दोन वर्गखोल्या उभ्या राहिल्या आणि संघ संपला. इतिहास एवढाच. आमच्याच जिल्ह्याच्या सारिका काळेंना २०२० साली अर्जुन मिळाला, तेव्हा पालीने कुठून कुठून नंबर गोळा करून आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. बारापैकी नऊ जणी सापडल्या. घड्याळ सापडलं नाही.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध नेपाळ. ग्रुपवर दुपारपासून गोंधळ. मॅट, दिवे, गुण दणादण वाढताहेत. ७८-४० हा आकडा बघून पाल म्हणाली, आपण तर तीन वर्षांत मिळूनही एवढे केले नसतील. (केले असतील, ती नेहमीच कमी मोजायची.) आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेने कर्णधार म्हणून करंडक उचलला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच उभी होते.

रात्री अकराला भिंगरीचा फोन आला. ती आता आजी आहे, आवाज मात्र तसाच खणखणीत. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, “तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी खो दिला होता. हात लावला होता तुझ्या पाठीला. पण घसा बसलेला, आवाजच फुटला नाही गं. पंचांना कुठून ऐकू जाणार?”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“बाईंनी गारेगारवरून आधीच झापलं होतं ना,” ती म्हणाली.

छत्तीस वर्षं. मला रागही आला आणि हसूही. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी आठवून पाहिलं. लाल रिबीन आठवते, पायाखालचा मुरूम आठवतो, तिच्या खांद्याचा घाम बोटांना लागलेला आठवतो. पाठीवर हात लागला होता का, ते काही आठवत नाही.