आमच्या एकाच घरात तीन प्रकारची शुगर

मागच्या मार्चमध्ये मला सारखी तहान लागायला लागली, सोलापूरचं ऊन म्हणून मी लक्षच दिलं नाही. रात्री चार-चारदा लघवीला उठायचो आणि दोन महिन्यांत 9 किलो वजन गेलं. वय 29. उपाशीपोटी शुगर 268 आली (126 किंवा त्याच्या वर गेली की डायबेटीस धरतात) आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 11.4. अप्पांना 14 वर्षांपासून शुगर आहे, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच टाकलं की ही घराण्यातलीच, आणि डॉक्टरांनीपण गोळ्या लिहून दिल्या.

मी सगळं मनापासून केलं. भात बंद, पहाटे सिद्धेश्वर तलावाला चक्कर, आत्याने दिलेला कारल्याचा रस. कडक भाकरी आणि शेंगा चटणी खा, काही होत नाही असं जो तो सांगायचा, पण ज्वारीनेपण साखर वाढतेच, हे नंतर घरी मीटरवर बघितलं. दीड महिना झाला तरी शुगर 300 च्या खाली येईना, आणि एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला. दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं तर त्या बघताक्षणीच म्हणाल्या, "किती वाळलायस रे, ही गोळ्यांची शुगर वाटत नाही." लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे पदार्थ) निघाले, लगेच अ‍ॅडमिट करून सलाईनमधून इन्सुलिन. मग अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करतंय का) आणि सी-पेप्टाइडची (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय) टेस्ट केली. टाइप 1.

मॅडमनी जुन्या रिपोर्टच्या मागे पेनाने स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन बनवणारा अवयव, काढून दाखवलं. अप्पांची टाइप 2, म्हणजे इन्सुलिन तयार होतं पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू ते कमी पडत जातं, म्हणून गोळ्या, चालणं, वजन कमी करणं याचा उपयोग होतो. माझ्यात शरीराच्याच संरक्षण यंत्रणेने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्यात, म्हणून बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय जगताच येत नाही, आणि हे गोड खाल्ल्याने होत नाही. वहिनीला गरोदरपणात झाली होती ती तिसरी, बाळंतपणानंतर गेली, पण पुढे टाइप 2 होऊ शकते म्हणून तिने तपासत राहायचं. इतकी वर्षं आम्ही या सगळ्याला नुसतं शुगर म्हणत होतो. बारीक माणसाचं वजन झपाट्याने उतरत असेल आणि गोळ्यांनी फरक पडत नसेल तर कृपया डॉक्टरांना थेट विचारा, माझी कुठली?

आता दिवसाला चार इंजेक्शनं. जास्तीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं, चालू इन्सुलिन पेन (ज्याने इंजेक्शन घेतो ते) बाहेर चालतं पण उन्हापासून जपून, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, त्यात लाईट जाते. आईने छोटा माठ ओल्या वाळूत बसवलाय, त्यात डबा, डब्यात पेन. रोज सकाळी ती वाळूवर तांब्याभर पाणी ओतते, डबा कोरडा आहे ना ते हात लावून बघते आणि मगच देवपूजेला बसते.