वांगी रंगाची पेन्सिल

भाजीवाल्या मावशी मला आता ओळखतात. मी वांग्यांच्या ढिगापाशी उभी राहिले की त्या सरळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात, कारण माझं लवकर आटपणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. मी वांगं उचलते, गोल फिरवते, उजेडाकडे धरते, परत ठेवते. कीड बघणारी बाई असं करत नाही. "एकच?" त्या विचारतात. एकच. "भरताचं ना?" मी हो म्हणते. ते अगदीच खोटं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचं भरीतच होतं.

रंगीत पेन्सिलीचं काम मुंगीच्या पावलांचं. जलरंगात एका ओल्या फटकाऱ्यात जे होतं, त्याला इथे दहा-बारा थर लागतात. तेही हलक्या हाताने, कारण जोर दिला की कागदाचा खरखरीतपणा मरतो आणि पुढचा थर नुसता घसरतो. वीतभर वांग्याला माझे पंधरा-वीस तास जातात. ऑफिसातून आल्यावर रोज तास-दीड तास, असा हिशोब केला तर वांगं माझ्याआधी दमतं. पहिल्या दिवशी त्याच्या सालीत समोरची खिडकी दिसते, गजांसकट. तिसऱ्या दिवशी गज जातात, नुसता उजेड राहतो. पुढे देठापाशी सुरकुती पडते आणि आई विचारते, "अजून किती दिवस हे टेबलावर मिरवणार आहे?"

अशा एका वांग्यापायी मी पेन्सिलींच्या नादी लागले.

आमच्या लहानपणी रंगीत पेन्सिल म्हणजे बारा रंगांची चपटी पेटी. तिच्यातली पांढरी कशासाठी असते हे कुणालाच कळलं नव्हतं. वर्षअखेरीस लाल-निळ्याची बोटभर थोटकं उरायची आणि पांढरी पहिल्या दिवसासारखी कोरीच. फिकट गुलाबी पेन्सिलीला आम्ही 'स्किन कलर' म्हणायचो. वर्गातल्या एकीच्याही कातडीशी तो जुळत नव्हता, तरी सगळ्यांचे चेहरे आम्ही त्यानेच रंगवले. (अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या तसल्याच खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' केलं होतं. आमच्या वर्गापर्यंत ती बातमी यायची होती.) पेन्सिलीची सालपटं दुधात उकळली की खोडरबर होतो, हा प्रयोगही मी केलेला आहे. दूध गेलं आणि पाठीत धपाटा बसला. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या, जलरंग आणि पोस्टर कलर आले, आणि रंगीत पेन्सिल ही बालवाडीची वस्तू ठरून माळ्यावर गेली.

ती परत हातात आली तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात सुट्या पेन्सिली मिळतात, शेजारी घासून बघायला कागदाचं पॅड ठेवलेलं असतं. त्या पॅडवर मी पहिल्यांदा चांगली पेन्सिल ओढली आणि किंमत विचारली. एका पेन्सिलीच्या पैशात शाळकरी पोराची अख्खी पेटी येते. मी दोन घेतल्या आणि घरी किंमत सांगितली नाही.

असं काय असतं तिच्यात? शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती कालवून भट्टीत भाजलेली कांडी असते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. रंगीत पेन्सिलीची कांडी मात्र भाजता येत नाही. तिच्यात रंगद्रव्य, मेण किंवा तेल, पांढऱ्या मातीसारखा भराव आणि हे सगळं धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ असतो. भट्टीत घातली तर मेण वितळेल आणि रंगाचा कोळसा होईल. म्हणून ती नुसती वाळवतात. एक भाजलेली वीट, तर दुसरी वाळवलेला सांडगा. मग ती टोक करताना मोडते यात नवल काय! स्वस्त पेटीत भराव जास्त आणि रंग कमी, म्हणून कितीही घासलं तरी कागद फिकाच राहतो. महागात रंगद्रव्य जास्त. पैसे जातात ते तिथे.

पुढची भांडणं मेण आणि तेलाची. जर्मनीतल्या फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमॉस १९०८ साली ६० रंगांत निघाली, आज तिच्यात १२० आहेत. ती तेलाची म्हणून ओळखली जाते. हाताला जरा टणक, टोक टिकतं, देठावरचे काटे काढायला तिच्यासारखी दुसरी नाही. अमेरिकेची प्रिझ्माकलर १९३८ सालची, १५० रंग, आणि ती मेणाची. कागदावर लोण्यासारखी उतरते. दोन थरांत जागा भरून काढते, पण टोक पाच मिनिटांत बोथट, आणि बारीक रेघेच्या नावाने शून्य. स्वित्झर्लंडची कारान दाशची ल्युमिनन्स मऊही आहे आणि टिकाऊही. फक्त ती विकत घेताना हात थरथरतो. या कंपनीच्या नावाची मला गंमत वाटते. रशियन भाषेत पेन्सिलीला करंदाश म्हणतात. एका फ्रेंच व्यंगचित्रकाराने ते टोपणनाव म्हणून घेतलं, आणि जिनिव्हाच्या कारखान्याने १९२४ साली त्याचं टोपणनाव उचललं. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ काळा दगड असा सांगतात. जगातल्या सर्वांत देखण्या रंगांच्या डब्यावर काळा दगड!

मला विचाराल तर तेलाची घ्या. मेणाच्या पेन्सिलीने गडद रंग दाबून भरला की काही दिवसांनी चित्रावर पांढुरकी धूसर झाक येते. आतलं मेण वर येतं. नाशिकच्या ताज्या द्राक्षांवर असते ना, अगदी तशी. द्राक्षावर ती शोभते. वांग्यावर आली की वांगं आजारी दिसतं. मऊ फडक्याने पुसली की जाते, पण महिन्याभराने परत येते, भाडेकरूसारखी. माझं पहिलं वांगं अजून मी अधूनमधून पुसते.

मोडण्याचं दुःख वेगळंच. एका नामांकित पेन्सिलीला (नाव घेत नाही) मी टोक करायला बसले. टोक आलं, मोडलं. परत केलं, परत मोडलं. कांडी आत लाकडातच तुकडे होऊन बसली होती. दुकानात, वाटेत, कुठेतरी कुणाच्या तरी हातून पडली असणार. शार्पनरमधून सुंदर सालपटं निघत राहिली, जांभळी किनार असलेली, आणि संध्याकाळी माझ्या हातात पेराएवढं थोटूक उरलं. त्यातही टोक नव्हतंच. अशी पेन्सिल जरा तापवली की आतलं मेण सांधतं असं कळल्यावर पुढच्या वेळी मी ती मे महिन्यात गच्चीवर ठेवली. सांधलं की नाही ते सांगता येत नाही, कारण कावळ्याने ती पळवली.

लाकडाचंही आहेच. आपल्याकडच्या पुष्कळशा पेन्सिलींचं लाकूड काश्मीरच्या पॉप्लरचं, पुलवामाच्या बाजूचं. तिथे उखू नावाच्या गावात त्याच्या पट्ट्या कापतात. भारी पेन्सिलींना पूर्वीपासून कॅलिफोर्नियाकडचं इन्सेन्स सीडर वापरत आले. त्याला टोक करताना देवघरासारखा वास येतो. चित्रासाठी त्याचा काही उपयोग नाही, पण मी टोक करायला मुद्दाम वेळ लावते.

पेन्सिली जमल्या, वांगं जमलं, तेव्हा एका चित्रकार मैत्रिणीने विचारलं, "भिंतीवर लावणार आहेस का? मग जांभळा तपासलास का?" रंग उन्हात उडतात, आणि सगळे सारखे उडत नाहीत. तपकिरी, तांबूस, मातकट रंग लोखंडाच्या गंजाच्या जातीचे असतात. गेरू, कोकणातली जांभ्याची लाल माती यांच्याच कुळातले. त्यांना ऊन काही करत नाही. डब्यातल्या 'इंडियन रेड' पेन्सिलीवर तर निर्धास्त राहावं. गुलाबी आणि जांभळे मात्र नाजूक. म्हणजे मी नेमकी वाईट भाजी निवडली होती.

कापडवाल्यांनी यासाठी जुनी युक्ती काढलेली आहे. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या, प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट टिकणारी. रंगाबरोबर त्या उन्हात ठेवायच्या आणि कितव्या पट्टीबरोबर रंग उडाला ते बघायचं. अमेरिकेत रंगीत पेन्सिलींसाठी खास मानक आहे, त्याचा क्रमांक ६९०१. ल्युमिनन्सवाल्यांनी तो आकडा थेट आपल्या नावालाच जोडला. माझ्याकडे लोकर नव्हती, पश्चिमेची खिडकी होती. एका कागदावर सगळे जांभळे-गुलाबी ओढले, शेजारी क्रमांक लिहिले, अर्ध्या भागावर काळा जाड कागद चिकटवला आणि गुढीपाडव्याला ती पट्टी काचेला आतून लावली. पुण्याचं चैत्र-वैशाखाचं ऊन, दुपारी दोनपासून सहापर्यंत फुकट.

पहिला पाऊस पडला तेव्हा काळा कागद सोलला. पोराटोरांच्या पेटीतला राणी रंग तर नाहीसाच झाला होता. झाकलेल्या भागात चमचमणारा राणी, उघड्या भागात पाणी मारलेल्या गुलाबजाम-पाकासारखं काहीतरी. ते अपेक्षित होतं. धक्का बसला तो एका महागड्या जांभळ्याने. त्यातला लाल उडून गेला होता आणि निळसर राखाडी उरला होता. त्याच्यावर मी चार वांगी केली होती. एक वांगं भाच्याच्या लग्नात भेट दिलं आहे, त्यांच्या हॉलमध्ये, खिडकीसमोर. मी त्यांच्याकडे गेले की आधी भिंतीकडे बघते.

ही पट्टी टेबलावर पडलेली असताना आई चष्मा लावून जवळ आली. म्हटलं, बघ, यातला कुठला वांगी वाटतो? आईने आयुष्यात पेन्सिल धरली ती दुधाचा हिशोब लिहायला, पण साडीच्या दुकानात ती पन्नास वर्षं रंगांवर वाद घालत आली आहे. तिने बोट ठेवत ठेवत सांगितलं, "हा जांभळा. हा गुलबक्षी. हा कुठेतरी अंजिरीकडे झुकतोय. हा आमसुली, अगदी आमसुली. वांगी यात नाही."

तिचा 'अगदी आमसुली' म्हणजे पॉलिक्रोमॉसमधला १६९ क्रमांक, कापुत मोर्तुम. लॅटिनमध्ये मेलेलं डोकं. किमयागार लोक भांड्याच्या तळाशी उरलेल्या निरुपयोगी गाळाला तसं म्हणायचे. उन्हात वाळलेल्या कोकमाच्या सालीला मेलेलं डोकं म्हणायची माझी तयारी नाही. त्या रात्री मी पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापले आणि नावं बदलायला घेतली. मोरपंखी, शेवाळी, विटकरी, डाळिंबी, अबोली, पारवा. एका हिरवट निळ्यावर मी आणि आई अर्धा तास भांडलो. मी मोरपंखी म्हणत होते, ती चिंतामणी. शेवटी ती कपाटातून स्वतःची साडी घेऊन आली. चिंतामणीच निघाला. १२० पैकी चाळीसेक पेन्सिलींना नावं मिळाली. सहा-सहा राखाडींचे दोन संच आहेत, एक थंड आणि एक उबदार, त्यांच्यापुढे आम्ही दोघींनी हात टेकले. करडा म्हणून एकदा सांगून झालं की मराठी थांबते.

वांगी नावाची चिकटपट्टी कुठल्याच पेन्सिलीला लागली नाही. तो रंग मला थरांनीच करावा लागतो. सावलीत आधी गडद नीळ. काळी पेन्सिल हातात घ्यायची नाही, तिने वांग्याचा कोळसा होतो. निळीवर मेलेल्या डोक्याचा भाऊ, तांबूस जांभळा. मग खरा जांभळा, गोलाईच्या दिशेने, छोट्या वर्तुळांत, रेघ दिसू न देता. कडेला एक अरुंद पट्टा उजळ ठेवायचा, तिथे टेबलक्लॉथचा पिवळा परत येतो. तो नसेल तर वांगं कागदाला चिकटल्यासारखं दिसतं. आणि खिडकीची जागा पहिल्या मिनिटापासून रिकामी सोडायची, कारण या माध्यमात पांढरा म्हणजे कागद. एकदा गेला की गेला. त्या रिकाम्या जागेवर अगदी शेवटी आकाशी पेन्सिल नुसती फुंकर मारल्यासारखी फिरवायची.

आणि मग पांढरी! चाळीस वर्षांनी मला तिचं काम कळलं. उजळ भागावर सगळे थर बसले की वरून पांढरी जोर देऊन फिरवायची. घोटाई करायची. खालचे रंग एकमेकांत मिसळतात, कागदाचे उरलेले पांढरे ठिपके बुजतात आणि सालीला तेल लावल्यासारखी चकाकी येते. आता माझ्या डब्यात सगळ्यांत आखूड पेन्सिल पांढरी आहे.

या आठवड्याचं वांगं काल संध्याकाळी संपलं. म्हणजे चित्र संपलं. मी ते गॅसवर ठेवलं, देठाला धरून फिरवत राहिले. साल फुटली, वाफ आली. ताटलीत काढलं आणि सोलायला घेतलं तर सालीची आतली बाजू दिव्याखाली आली. काळी म्हणावी तर काळी नाही. खाली तपकिरी, वर कुठेतरी जांभळ्याची शेवटची आठवण, आणि कडेला राखेचा पांढुरका. गडद सेपिया, १७५ क्रमांक, त्याच्यावर कदाचित थंड राखाडी, पण कितवी?

"कांदा चिरून पंधरा मिनिटं झाली," आई म्हणाली. "बघत काय बसलीस?"

हात काळे होते, नाहीतर पेन्सिल आणलीच असती.