आधी विचारलं असतं तर एवढे खड्डे खणलेच नसते

परवा ऑफिसच्या ग्रुपवर परत तो मेसेज पडला. यंदा पण येऊरला वृक्षारोपण, टीशर्टची साइज कळवा, बस सकाळी सातला. खाली पटापट थम्स अप. मी काही रिप्लाय केला नाही, कारण मला दोन वर्षांपूर्वीचा तो जूनचा रविवार आठवला.

मी राहतो ठाण्यात वर्तकनगरला, त्यामुळे येऊरचा डोंगर म्हणजे आमचं परसदारच. उपवनच्या पुढे चढ लागला की हवाच बदलते. तर त्या रविवारी आम्ही दोन बस भरून वर गेलो, बॅनर, भाषण, वडापाव, सगळं साग्रसंगीत. आदिवासी पाड्याजवळच्या एका उतारावर आदल्या दिवशीच खड्डे खणून ठेवलेले आणि बाजूला काळ्या पिशव्यांतली रोपं रांगेत. माझ्या वाटणीचा खड्डा जरा उथळ वाटला म्हणून मी पहार घेतली आणि घातला एक घाव, तर टण्ण! हात झिणझिण्या येऊन कोपरापर्यंत बधिर. शेजारी एक वारली मावशी बसली होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, दादा, खाली कातळ आहे, वीतभर माती फक्त.

मी म्हटलं, मग मावशी, हे सांगायचं ना कोणाला तरी. तर म्हणे, आम्हाला खड्डे खणायला रोजावर बोलावलं, कुठं खणायचे ते तुमच्या साहेबांनी चुना टाकून ठेवलेलं.

यावर मी काय बोलणार. मग ती उठली आणि मला जरा वर घेऊन गेली, तिथं ऐनाच्या झाडाचं एक जुनं तुटलेलं खोड होतं, गुडघ्याएवढं, आणि त्याच्या बुंध्यातून सात-आठ धुमारे फुटलेले. हे बघ, याची मुळं कातळाच्या फटीतून कधीच खाली गेलीत, दोन-तीन पावसाळे कोणी कोयता लावला नाही तर माझ्या डोक्याच्या वर जाईल, असं तिचं म्हणणं. आणि खरी गंमत म्हणजे (गंमत कसली) खालच्या उतारावर खड्ड्यांना जागा करायला जी "झुडपं" साफ केली होती ना, ती सगळी हीच, ऐन, कुडा, पळस, अशी खोडावरनं परत फुटलेली झाडं. म्हणजे आम्ही जिवंत जंगल काढून तिथं पिशवीतलं जंगल लावत होतो आणि वर सेल्फी.

पुढच्या एप्रिलमध्ये मुद्दाम बघायला गेलो. बांबूच्या जाळ्या उभ्या, आत काटक्या. वरचा तो ऐन मात्र माझ्या छातीला लागला होता.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय आणि मी जमेल तसं वाचत गेलो. तर मावशीने जे दाखवलं ना, त्याच गोष्टीवरनं आपल्या देशातला एक मोठा प्रयोग उभा राहिला होता. पश्चिम बंगालमध्ये अराबारी म्हणून ठिकाण आहे, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साल नावाच्या झाडांच्या जंगलाची पार खोडं उरली होती. अजित कुमार बॅनर्जी नावाचे वन अधिकारी होते, त्यांनी आसपासच्या ११ गावांशी बोलणी केली की तुम्ही हे राखा, जंगलात काम मिळेल, जळण-चारा न्या आणि पुढे लाकूड विकलं की २५ टक्के तुमचे. लोकांनी राखलं आणि खोडांना फुटवे येऊन साल परत उभा राहिला. पहारेकरी वाढवून जे होत नव्हतं ते हिशोबात वाटा दिल्यावर झालं. त्याच्या आधारावर १९९० मध्ये केंद्राने संयुक्त वन व्यवस्थापनाचं परिपत्रक काढलं आणि गावोगाव वन समित्या झाल्या.

पण त्या समित्यांचं दुखणं काय, तर सचिव वन खात्याचाच माणूस, आराखडा खात्याचा, गावाने सह्या करायच्या आणि फंड संपला की समिती पण झोपली. सगळीकडे असंच झालं असं नाही म्हणत मी, काही गावांनी सोनं केलं त्याचं. पण माझ्या मते तरी ते आमच्या ऑफिसच्या ड्राइव्हसारखंच, चुना टाकणारा एक आणि खड्डा खणणारा दुसरा.

खरा फरक पडला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. आपल्याकडे वनहक्क म्हटलं की लोकांना फक्त प्लॉट आठवतो, कोणाच्या नावावर किती गुंठे झाले ते. पण त्याच कायद्यात सामूहिक वनहक्क आहे, म्हणजे गाव परंपरेने जे जंगल वापरत आलंय ते राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा २००९ मध्ये मिळाला, साधारण १८०० हेक्टर, देशात पहिल्यांदा. तिथले पुढारी देवाजी तोफा आणि त्यांचं गाव. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच, आणि तिथं निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने होतात, एक माणूस जरी अडला तरी परत बसायचं. (आमच्या सोसायटीत गेटचा रंग ठरायला दीड वर्ष लागलं, ते पण बहुमताने.) आणि हक्क मिळाला म्हणजे झालं असंही नाही हां, बांबू स्वतःचा पण तो बाहेर न्यायचा वाहतूक पास काही मिळेना, शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा कुठे पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. जवळपास दोन वर्षं, कशासाठी तर एका पुस्तकासाठी.

आता कोणी म्हणेल की आदिवासी पण तोडतातच ना. हो, तोडतात. मावशीने स्वतः सांगितलं की त्या ऐनावर आधीचा कोयता पाड्यातलाच होता, जळणासाठी. मोहाच्या फुलांच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, फुलं नीट दिसावीत म्हणून, आणि एखादी आग हातातनं सुटते. मला लोकांना देव्हाऱ्यात बसवायचं नाहीये. पण चंद्रपूरच्या पाचगावचं बघा, सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूवर त्यांचं बरं चाललं आणि मग ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचाच नाही, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा सोडला त्यांनी. हे बाहेरच्या कोणी सांगितलं असतं तर आधी भांडण झालं असतं, आणि माझ्या मते व्हायलाच पाहिजे होतं.

आपल्या येऊरचा पेच वेगळाच आहे. एका बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसऱ्या बाजूने ठाणे महापालिका. कायद्याचा सगळा जीव ग्रामसभेत, आणि पाडा तर वॉर्डात मोडतो, मग ग्रामसभा भरवायची कुठं आणि ठरावावर शिक्का कोणाचा? मी एकदा बोलता बोलता मावशीच्या मुलाला हे विचारलं तर तो म्हणाला, दादा, मतदानाला आम्ही शहरात असतो आणि सरपण आणायला गेलो की जंगलात.

आणि तरीही मार्चमध्ये रात्री आपल्या गच्चीवरनं डोंगरावर ती लाल वाकडी रेघ दिसते ना, वणव्याची, आपण फोटो काढून स्टेटसला टाकतो तेव्हा तिथं ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणाऱ्यांत पाड्यातली पोरं असतात. गेल्या फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर जाळरेषा करायला गेलो होतो. जाळरेषा म्हणजे डोंगरउतारावर लांब पट्टा गवत-पाला काढून मोकळा करायचा, म्हणजे आग आली तरी तिथं थांबते. अर्ध्या तासात माझी कंबर गेली. पट्टा कुठून कुठपर्यंत ते मावशीचा दीर सांगत होता, वारा संध्याकाळी कुठून फिरतो, मागच्या वेळी आग कोणत्या घळीतनं वर चढली, सगळं तोंडपाठ, एक कागद नाही.

तर काल मी ग्रुपवर शेवटी लिहिलंच, की यंदा रोपं नको, तेच पैसे जाळरेषेच्या मजुरीला देऊ आणि कुठं काय करायचं ते आधी पाड्यात जाऊन विचारू, मी नेतो. निळ्या टिका आल्या. एकाने विचारलं, मग बॅनरवर काय लिहायचं?

मावशीला फोन करून हे सांगितलं तर ती म्हणाली, झाडं नको आणू, पण ती शर्टं उरली असतील तर आण, आगीच्या कामाला बरी पडतात.

एक्सेल साइज कळवलीये मी, बारा नग.