तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेपचा (ई-सिगारेटचा) टँक, म्हणजे लिक्विड भरायची टाकी, प्लास्टिकचा की काचेचा?

मी व्हेप करतो हे ज्याला कळतं तो हाच प्रश्न टाकतो, आणि मी उलट विचारलं की आधी लिक्विड कुठलं भरणार ते सांग, तर लोकांना वाटतं मी भाव खातोय. नाही हो, उत्तर खरंच तिथे आहे.

दालचिनीचं लिक्विड मी रात्री पॉलिकार्बोनेटच्या टँकमध्ये भरून ठेवलं होतं. सकाळी बघतो तर आट्यांपासून वर बारीक भेगा चढलेल्या, पारदर्शक भाग धुरकट, तळाशी चिकट ओल. उघडायला गेलो तर काठच तुटून हातात आला. टँक पडला नव्हता की आपटला नव्हता. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, लिंबू-संत्र्यातलं लिमोनीन हे असल्या प्लास्टिकमध्ये शिरतं आणि साच्यातून निघतानाच जिथे ताण राहून गेलेला असतो, म्हणजे आटे, कडा, तिथून ते तडकत जातं. झालं, तेव्हापासून मी सगळ्यांना छातीठोकपणे काच सांगायला लागलो. काच वासही धरत नाही, नीट धुतली की पुदिन्यानंतर स्ट्रॉबेरी भरा, पुदिना आठवणारही नाही.

मग ताईची मुलगी नुकती रांगायला लागली होती तेव्हाची गोष्ट. व्हेप टेबलावर चार्जिंगला, येताजाता कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि टँक फरशीवर. बोरोसिलिकेट काच गरम-गार सोसते, आपटणं नाही सोसत. निकोटीनचं लिक्विड पसरलेलं, त्यात काचेचे कण, दोन्ही पारदर्शक, कुठे काय आहे ते कळेना, आणि पोरगी तिकडेच येत होती. ताईने झडप घालून उचललं तोवर तिचा एक पंजा ओला झालेला. निकोटीन कातडीतूनही आत जातं, आणि एवढ्या लहान पोराने तो हात तोंडात घातला असता तर... नळाखाली साबण लावून धूत होतो, ती रडत होती, आणि मी प्रत्येक बोट उघडून काच शोधत होतो. सुदैवाने काहीच झालं नाही. ताई एवढंच म्हणाली, हे घरात नको.

आता तुम्ही म्हणाल, मग प्लास्टिकच सांग ना. पीसीटीजी नावाचं प्लास्टिक असेल तर असल्या फ्लेवरपुढे पॉलिकार्बोनेटपेक्षा बरंच टिकतं, पडलं तरी सहसा फुटत नाही, मान्य. पण प्लास्टिक गुपचूप तडकलं तर तेच निकोटीन त्याच टेबलावर येतं, फक्त आवाज होत नाही. काच म्हणजे सेफ म्हणणाऱ्या जुन्या मला मी आज विचारतो, कशापासून सेफ रे? आणि प्लास्टिकवाल्यांनाही तेच विचारतो.

सध्या दालचिनी आणि लिंबू फक्त काचेत, वर सिलिकॉनचा बँड लावून. ताई येणार असेल तर पीसीटीजीचा टँक बाहेर, आणि वापरून झालं की दोन्ही कपाटात, कुलपात. ताईला हेही पटलेलं नाही.