फुटबॉलच्या गावात गप्प बसायचं काम

कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. दृष्टिहीनांच्या फुटबॉलला नेमका हाच आवाज मारक ठरतो, कारण इथं चेंडू कानानं शोधायचा असतो. त्यामुळे पेठेतली, तालमीतली पोरं दृष्टिहीनांच्या सरावाला स्वयंसेवक म्हणून येत असतील तर त्यांना फुटबॉल शिकवायची गरज नसते. गप्प बसायला मात्र शिकवावं लागतं, आणि ते जास्त अवघड जातं.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. मैदान ४० बाय २० मीटर. एका संघात चार मैदानी खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, आणि पाचवा डोळस गोलकीपर. गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. चेंडूच्या आत खुळखुळे शिवलेले असतात. खेळाडूंना दिशा सांगायचा अधिकार तिघांनाच, आणि प्रत्येकाचा टापू ठरलेला: बचावाच्या भागात गोलकीपर, मधल्या भागात प्रशिक्षक आणि आक्रमणाच्या भागात समोरच्या गोलमागं उभा असलेला गाइड. चेंडूवर जाणाऱ्यानं ‘व्हॉय’ (स्पॅनिशमध्ये ‘येतोय’) असं मोठ्यानं म्हणायचं, नाही तर फाउल. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवावा, कारण डोक्याला डोकं आपटतं ते बहुतेक कोणीतरी न बोलता धावल्यामुळंच. २००४च्या अथेन्सपासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. पहिली पाचही सुवर्णपदकं ब्राझीलची, २०२४ला पॅरिसमध्ये मात्र फ्रान्सनं बाजी मारली.

खर्च होतो तो बाजूच्या फळ्यांवर. दोन्ही लांब बाजूंना मीटर-सव्वा मीटर उंचीची भिंत हवी. तिच्यावरून चेंडू परत येतो, आणि खेळाडू हात लावून आपण कुठं आहोत हे ओळखतो. पूर्ण मैदानाचा हट्ट सुरुवातीला धरू नये. आठ बाय चार फुटांचा प्लायवूड आडवा लावला तर एका शीटमागं २.४४ मीटर लांबी मिळते. म्हणजे एका बाजूला आठ शीट्स लावल्या की साडेएकोणीस मीटर होतात. दोन्ही बाजू मिळून सोळा. रुंदी बारा मीटर ठेवली की तीन-तीन जणांच्या सरावाला भरपूर. प्लाय १२ मिमीचा घ्यावा, त्याहून पातळ शीट चेंडूच्या माराला लवते. मागं लाकडी तिकोनी टेकू आणि त्यावर वाळूचं पोतं. टेकू आतल्या बाजूला चुकूनही येऊ देऊ नये. दोन शीट्सच्या सांध्यात फट राहिली तर बोट किंवा बुटाचं टोक अडकतं, तिथं आतून रुंद चिकटपट्टी मारावी. वरच्या कडेला फोमची नळी उभी चिरून बसवावी. कोपर आणि हनुवटी तिथंच लागते. स्वस्तात पडतो म्हणून जुना फ्लेक्स दोरीला बांधायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावरून चेंडू परत येत नाही आणि वाऱ्यात तो फडफडतो तो आवाज वेगळाच.

खुळखुळ्याचा चेंडू मिळेपर्यंत साध्या चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून काम भागतं. पिशवी फाटली किंवा ओली झाली की आवाज बसतो, म्हणून चार-पाच जवळ असाव्यात. खरी अडचण दोन्ही चेंडूंत सारखीच: थांबलेला चेंडू मुका होतो. अशा वेळी ‘तिथंच आहे, तिथंच आहे’ असं चौघांनी ओरडायचं नाही. पंचानं किंवा नेमलेल्या एकानं जाऊन पायानं तो हलवायचा.

पट्टी सगळ्यांना, थोडं दिसणाऱ्यांनाही. नाही तर ज्याला अंधूक दिसतं तोच सगळे गोल मारतो. झोपायचे मास्क घामानं घसरतात. डोळ्यांवर आधी गॉझची चकती चिकटवून वर जाड पट्टी बांधावी. कपाळाला पॅड असलेली पट्टी हवीच. काचबिंदू, पडद्याचं ऑपरेशन किंवा फार मोठा मायनस नंबर असेल तर नेत्रतज्ज्ञांनी हो म्हटल्याशिवाय मैदानात उतरवू नये.

आता गाइड. आपल्याकडची पोरं सवयीनं ‘हिकडं मार, तिकडं दे’ असं ओरडतात. खेळाडूला त्याचा काडीचा उपयोग नाही. गाइड खेळाडूच्या समोर तोंड करून उभा असतो, त्यामुळं त्याचं डावं ते खेळाडूचं उजवं; हाक नेहमी खेळाडूच्या बाजूनं द्यायची. शब्दही आखूड हवेत. ‘उजवीकडे’ म्हणून होईपर्यंत बचावपटू पोचलेला असतो. ‘डाव’, ‘उज’, ‘सरळ’, मग मीटरमध्ये अंतर, ‘आठ... सहा...’ आणि शेवटी ‘मार’. पेनल्टीच्या वेळी गाइडनं लोखंडी सळईनं आधी एक खांब ठोकायचा, मग दुसरा, आणि बाजूला व्हायचं. त्या दोन ठोक्यांच्या मधली जागा खेळाडू कानानं मोजतो.

मारामारीचा फुटबॉल शिकवायची घाई नको. आधी चेंडू दोन्ही पायांच्या आतल्या बाजूंमध्ये टकटक ढकलत पुढं जायचं, पायापासून तो सुटताच कामा नये. मग आवाज देणाऱ्या माणसाच्या दिशेनं, मग फळीवर मारून परत घ्यायचा. एकास एक झुंज त्यानंतर, तीही ‘व्हॉय’ आपोआप तोंडात यायला लागल्यावर. हवेतला चेंडू जवळपास ऐकू येत नाही, तेव्हा उंच पास विसरून जा.

सरावाची वेळ सकाळी सहा-साडेसहाची बरी, शिवजयंती आणि गणपतीचे दिवस सोडून. डॉल्बीपुढं कुठलाच खुळखुळा टिकत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली जाऊ नये, छतावरच्या सरींनी चेंडू बुडून जातो. स्लॅबचा हॉल शोधा. प्रेक्षक आले तर चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर किंवा गोल झाल्यावर खुशाल शिट्ट्या मारू द्यात, हलगीसुद्धा चालेल. चेंडू चालू झाला की एकानं हात वर करायचा आणि सगळ्यांनी चूप. हे काम गल्लीत ज्याचा शब्द चालतो त्यालाच द्यावं.

आठ खेळाडूंमागं दहा स्वयंसेवक लागतात असं धरा: दोन गोलकीपर, दोन गाइड, एक पंच, चौघं चेंडू आणायला आणि फळ्यांजवळ, एक प्रेक्षकांकडं. आल्यावर प्रत्येक खेळाडूला फळी, खांब, पाण्याचा नळ हात लावून दाखवावा. नेताना त्याचा हात धरून ओढू नये. त्यानं आपलं कोपर धरायचं, आपण अर्धं पाऊल पुढं. आणि खेळाडू सराव सोडतात ते बहुधा खेळामुळं नव्हे, येण्या-जाण्यामुळं. केएमटी बसच्या थांब्यावर कोण उभं राहणार आणि परतीच्या रिक्षाचे पैसे कोण देणार, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असू द्या.