परदेशात फिल्म शिकायला येताय? आधी कान तयार करा

परदेशातल्या विद्यापीठात फिल्म, टीव्ही किंवा अ‍ॅनिमेशन शिकायला निघालेल्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक कॅमेऱ्याभोवती फिरतात. कोणता घ्यावा, कोणती लेन्स बरोबर आणावी. शूटिंगचा कॅमेरा सहसा विभागाकडूनच मिळतो. पहिल्या वर्षातल्या फिल्म मार खातात त्या आवाजात. चित्र थोडं हललेलं प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद कळला नाही की दोन मिनिटांत त्याचं लक्ष उडतं. म्हणून सुरुवात आवाजापासून.

संवादासाठी कॅमेऱ्यावरचा माईक वापरायचाच नाही. तो नटापासून दोन-तीन मीटर लांब असतो आणि तेवढ्या अंतरावरून नटापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. हा घुमणारा आवाज नंतर कितीही सॉफ्टवेअर लावलं तरी पूर्ण निघत नाही. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माईक, फ्रेमच्या कडेला जेमतेम लागणार नाही इतका खाली आणायचा, नटाच्या थोडा पुढून, माईकचं तोंड नटाच्या छातीच्या वरच्या भागाकडे रोखून. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. नेहमीचा संवाद मीटरवर उणे २० डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे १०च्या पुढे जाऊ नये. लेव्हल थोडी कमी राहिली तर नंतर वाढवता येते. शून्याला टेकून फाटलेला आवाज मात्र गेलाच. रिहर्सलमध्ये नट हळू बोलतात आणि टेकमध्ये आवाज चढवतात, हे धरूनच लेव्हल लावायची.

लोकेशनवर पोहोचल्यावर पहिल्यांदा डोळे मिटून एक मिनिट ऐका. फ्रिज, एसी, पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण. फ्रिज बंद केलात तर घराची किंवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होते. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती खरंच चालते. शेवटचा टेक झाला की सगळ्यांना जागच्या जागी थांबवून निदान ३० सेकंद नुसता रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, रेकॉर्ड करा. शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते. दोन वाक्यांमधला खोकला कापून तिथे कोरी जागा ठेवली, तर कानाला खड्डा जाणवतो. तो याच ३० सेकंदांतून भरायचा असतो.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर म्हणजे क्लॅप आलाच, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला पाटीवरच्या दोन पट्ट्या आपटणं. पट्ट्या आधी उघड्या धरून फ्रेममध्ये आणायच्या, सीन-शॉट-टेक स्पष्ट वाचायचं, मग एकच क्लॅप आणि लगेच हात स्थिर. एडिटर दोन्ही पट्ट्या पूर्ण मिटलेली पहिली फ्रेम शोधतो आणि ध्वनीच्या आलेखातला टोकदार सुळका तिच्याखाली आणतो. क्लॅप देता देता पाटी बाहेर ओढली तर ती फ्रेम धूसर येते आणि जुळवणी अंदाजावर जाते. सुरुवातीचा क्लॅप राहिलाच, तर टेकच्या शेवटी पाटी उलटी धरून द्या. नंबर टाकण्याची पद्धत देशागणिक बदलते. अमेरिकी पद्धतीत सीनच्या आकड्यापुढे अक्षर लागतं, १२ए, १२बी असं. आय आणि ओ वगळतात, कारण ते १ आणि ० सारखे दिसतात. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक नव्या सेटअपला, म्हणजे कॅमेऱ्याच्या नव्या मांडणीला, पुढचा स्लेट (पाटी) नंबर मिळतो, सीन कुठलाही असो. पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

देश बदलला की विजेची फ्रिक्वेन्सीही बदलू शकते, आणि याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. आपल्याकडे ५० हर्ट्झ, अमेरिका-कॅनडात ६०. साधे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला याच्या दुप्पट वेळा लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ५० हर्ट्झच्या देशात सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करताना शटर १७२.८ अंश, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर १/५० सेकंद प्रकाश. ६० हर्ट्झच्या देशात २४ फ्रेमला १४४ अंश, म्हणजे १/६०. चुकलं तर चित्रात सरकणारे काळपट पट्टे येतात आणि ते सहसा लक्षात येतात एडिटिंगच्या टेबलावर, लोकेशन हातातून गेल्यावर. फ्रेम रेटही पहिल्या शॉटआधी ठरवा. २४ आणि २३.९७६ यांची सरमिसळ निरुपद्रवी वाटते, पण दहा मिनिटांच्या सलग टेकमध्ये ओठ आणि आवाज जवळजवळ १४ फ्रेमने सुटतात.

टीव्हीचा स्टुडिओ हे वेगळंच शिस्तीचं काम. तीन-चार कॅमेरे, कंट्रोल रूममधून मोजली जाणारी उलटी वेळ, फ्लोअर मॅनेजरच्या हातांच्या खुणा. टॉकबॅकवर, म्हणजे कंट्रोल रूम आणि फ्लोअर यांना जोडणाऱ्या हेडसेटवर, थोडक्यात बोलायची सवय लागली की अर्धं जमलं.

अ‍ॅनिमेशनवाल्यांनी गणित आधी मांडावं. सेकंदाला २४ फ्रेम. टूजवर काम केलं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरलं, तर सेकंदाला १२ चित्रं आणि दहा सेकंदांच्या शॉटला १२०. तीन मिनिटांची फिल्म एकट्याने ठरवणाऱ्याने २,१६० चित्रं डोळ्यांसमोर आणावीत, म्हणजे दीड मिनिटाची गोष्ट आपोआप आवडू लागते. कापायचं ते अ‍ॅनिमॅटिकमध्येच, म्हणजे कच्च्या चित्रांच्या वेळ लावलेल्या व्हिडिओतच, कापा, रंगवलेला शॉट टाकून देताना जीव तुटतो. कॅमेरा पॅन होत असेल तर पात्र वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, घ्या. टूजवर ठेवलं तर पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि पाय एकाआड एक फ्रेमला, त्यामुळे पात्र जमिनीवर थरथरल्यासारखं दिसतं.

थ्रीडीत रेंडर, म्हणजे संगणकाने प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणं, हीच खरी परीक्षा. एका फ्रेमला ५ मिनिटं म्हटली तर एका मिनिटाच्या फिल्मला १,४४० फ्रेम, म्हणजे एका मशीनवर सलग पाच दिवस. रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका, सुट्या फ्रेमचा क्रम काढा. ९०० व्या फ्रेमला मशीन बसलं तर पुढून सुरू करता येतं, व्हिडिओ फाइल असेल तर बहुधा सगळंच पुन्हा. टेक्श्चरचे, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांच्या फाइलचे, पत्ते प्रोजेक्टच्या फोल्डरच्या सापेक्ष ठेवा. लॅपटॉपवर सुंदर दिसणारा सीन लॅबच्या मशीनवर टेक्श्चरविना उघडतो तो फक्त लॅपटॉपवरच लागू पडणाऱ्या पत्त्यांमुळे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तर सगळं भडक गुलाबी दिसतं.

कार्डावरचं फुटेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरून चेकसमने, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते दाखवणाऱ्या आकड्याने, पडताळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. थकलेल्या माणसाच्या हाती हे काम देऊ नका. प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये फोर-के, २४ फ्रेमला तासाला ३०० जीबीच्या वर जागा जाते, त्यामुळे डिस्क त्या हिशेबाने घ्या. कागदपत्रंही त्याच दिवशी: नटांची सही, लोकेशनची परवानगी. गाणं वापरायचं तर रचनेचा आणि रेकॉर्डिंगचा असे दोन वेगळे हक्क लागतात. एकच मिळाला तर फिल्म महोत्सवात अडकू शकते.

सामानात काय आणावं? कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन, दोन हार्ड डिस्क, कापडी चिकटपट्टी. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोन नेता येतात. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि वॉट-अवरचा आकडा बॅटरीवर वाचता येतोय ना, ते निघायच्या आधी बघा.