तुम्ही विचारलंत म्हणून : क्वेकर पूर्वजाचा माग कसा लागतो?

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरी हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो आणि तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. सून किंवा जावई इथल्या जुन्या कुटुंबातला असतो, नातवंडाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलेला असतो, आणि व्याहीबुवा सहज सांगून जातात की त्यांचा मूळपुरुष क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता व पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याच्या वेळी इंग्लंडहून आला होता. मग फोन येतो, “तीनशे वर्षांपूर्वीचा साधा विणकर, त्याचे कागद कुठून मिळणार? आणि तुम्हाला कसे सापडले?” माझ्या सुनेच्या माहेरची अशीच एक शाखा शोधताना मी या कागदांत गुंतले, आणि आज सविस्तर उत्तर लिहिते आहे. तिच्या घराण्याचे नाव मात्र इथे देत नाही. त्याऐवजी उदाहरण म्हणून जॉर्ज बून हा सर्वज्ञात क्वेकर घेते. केंटकीच्या रानवाटा धुंडाळणाऱ्या डॅनियल बूनचा तो आजोबा.

क्वेकर पूर्वज सापडतो, कारण त्याच्यावर कोणाचे तरी सतत लक्ष होते. हा पंथ सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या शिकवणीतून उभा राहिला. त्याला पुरोहित नाही, बाप्तिस्मा नाही, शपथ नाही. या सगळ्याच्या जागी असे ती सभा. गावोगावचे क्वेकर महिन्यातून एकदा कामकाजासाठी जमत आणि कोण आले, कोण गेले, कोणाचे लग्न ठरले, कोण दारू प्याले, कोणी कर्ज बुडवले, याचे इतिवृत्त लिहीत. स्त्रियांची सभा वेगळी भरे आणि तिच्या वह्याही वेगळ्या असत. म्हणूनच वसाहतकाळातल्या इतर स्त्रिया जिथे नुसत्या ‘अमुकची बायको’ म्हणून उरतात, तिथे क्वेकर स्त्री स्वतःच्या नावाने भेटते. माझ्या अनुभवात नेमस्तपणे जगलेला माणूस या वह्यांत जन्म, लग्न आणि मृत्यू एवढ्याच तीन ओळी मिळवतो. ज्याचे पाऊल घसरले तो पानेच्या पाने व्यापतो.

बहुतेक जण पहिल्यांदा जहाजाची यादी शोधायला जातात आणि तिथेच अडतात. इंग्लंडचा प्रजाजन इंग्लंडच्याच वसाहतीत येत होता, त्यामुळे त्याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही. पेनसिल्व्हेनियात परदेशी आगंतुकांच्या याद्या १७२७पासून नियमाने होऊ लागल्या, त्याही मुख्यतः जर्मन लोकांच्या. खुद्द पेन १६८२ साली ज्या ‘वेलकम’ जहाजातून आला, त्याचीही अस्सल प्रवासी यादी उपलब्ध नाही. त्यात सुमारे शंभर माणसे होती आणि वाटेत देवीच्या साथीने त्यांतली तीसएक दगावली. तरीही आमचे पूर्वज ‘वेलकम’वरच होते असे सांगणारी घराणी इतकी आहेत, की ती सगळी खरी मानली तर जहाज बंदरातच बुडाले असते. व्याह्यांनी ‘वेलकम’चे नाव घेतले, तर हसून मान डोलवावी आणि पुढच्या कागदाकडे वळावे.

तो पुढचा कागद म्हणजे दाखला. क्वेकर माणूस एक गाव सोडून दुसऱ्या गावी निघाला की मूळच्या सभेकडून दाखला घेई. त्याची वागणूक चांगली आहे, त्याच्यावर कोणाचे देणे नाही आणि अविवाहित असेल तर तो लग्नाच्या वचनात गुंतलेला नाही, असे त्यात लिहिलेले असे. नव्या गावच्या सभेत तो वाचून दाखवला जाई आणि त्याची नोंद वहीत होई. म्हणजे एकाच स्थलांतराचा पुरावा समुद्राच्या दोन्ही काठांवर सापडण्याची शक्यता असते, आणि जहाजाचे नाव कळले नाही तरी माणूस कुठून आला ते नेमके कळते.

जॉर्ज बूनचे पाहा. डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच या गावचा हा विणकर. त्याने आधी काही वर्षे जॉर्ज, सारा आणि स्क्वायर या आपल्या मुलांना पुढे पाठवून देशाचा अंदाज घेतला. मग १७ ऑगस्ट १७१७ रोजी बायको मेरी व बाकीची मुले घेऊन तो ब्रिस्टलकडे निघाला आणि २९ सप्टेंबरला फिलाडेल्फियाला पोहोचला. त्यानंतर फिलाडेल्फियाजवळच्या ग्विनेडच्या मासिक सभेच्या वहीत नोंद आहे, की थोरल्या जॉर्ज बूनने ग्रेट ब्रिटनमधल्या कलम्प्टन सभेचा चांगल्या वर्तनाचा दाखला सादर केला, तो वाचला गेला आणि त्याचे चांगले स्वागत झाले. नोंदीची तारीख आहे ‘दहाव्या महिन्याचा ३१वा दिवस, १७१७’.

इथे नवशिक्या माणसाची हमखास फसगत होते. दहावा महिना म्हणजे ऑक्टोबर, असे धरून चालणारे वंशवृक्ष आंतरजालावर ढिगाने पडले आहेत. महिन्यांची आणि वारांची नावे रोमन व इतर जुन्या देवतांवरून पडली म्हणून क्वेकर ती वापरत नसत, नुसते आकडे लिहीत. आणि १७५२पर्यंत इंग्रजी साल २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांचा पहिला महिना मार्च. आपला चैत्रही मार्च-एप्रिलमध्येच लागतो, म्हणून मराठी माणसाला हे गणित इथल्या लोकांपेक्षा लवकर उमगते. तेव्हा दहावा महिना डिसेंबर ठरतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या २४ तारखेपर्यंतच्या नोंदींत साल कधी ‘१७१९/२०’ असे दुहेरी लिहिलेले असते, तेही याच कारणाने. १७५२ साली ब्रिटिश साम्राज्याने नवे पंचांग स्वीकारले, सप्टेंबरातले ११ दिवस गाळले आणि जानेवारी हा पहिला महिना झाला. म्हणून प्रत्येक तारीख मुळात जशी लिहिली आहे तशीच आधी उतरून घ्यावी, आणि नव्या पद्धतीची शेजारी वेगळी मांडावी.

दाखल्यानंतरचा मोठा झरा लग्नाचा. वधूवरांनी लागोपाठच्या दोन मासिक सभांत उभे राहून आपला इरादा सांगायचा, मधल्या महिन्यात नेमलेल्या माणसांनी दोघांची चौकशी करायची, आणि सगळे निर्वेध असेल तर उपासनेच्या सभेत दोघांनी एकमेकांना वचन द्यायचे. पुरोहित नसल्याने लग्नाचा पुरावा म्हणजे हजर असलेल्यांच्या सह्यांचा कागद. जॉर्जचा मुलगा स्क्वायर आणि सारा मॉर्गन यांचे लग्न १७२० साली ग्विनेडला असेच झाले. हा सह्यांचा भाग वगळून पुढे जाऊ नये, कारण नातेवाईक त्यातच दडलेले असतात.

आणि जिथे नियम मोडला तिथे तर वही बोलू लागते. स्वतः थोरल्या जॉर्जला सभेपुढे कबूल करावे लागले, की जॉन वेब नावाच्या तरुणाला आपल्या मुलीशी लग्नाच्या इराद्याने मेळजोळ ठेवू देण्यात आपण पंथाच्या रीतीविरुद्ध घाई केली. १७४२ साली स्क्वायरची पाळी आली. त्याच्या सारा नावाच्याच मुलीने क्वेकर नसलेल्या जॉन विल्कॉक्सनशी लग्न केले होते आणि तिला लग्नाआधीच दिवस गेले असल्याचे सभेला आढळले. स्क्वायरने चूक मान्य केली. त्या पेचात काय करावे ते आपल्याला सुचेना, यापुढे अधिक काळजी घेईन, असे त्याचे म्हणणे नोंदले गेले. तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकरी बापाची ही तगमग आणखी कोणत्या दप्तरात मिळाली असती? पण काही वर्षांनी इझरायल या मुलाने पंथाबाहेर लग्न केले, तेव्हा स्क्वायरने माफी मागायला नकार दिला आणि १७४८ साली सभेने त्याचे सभासदत्व काढून घेतले. उपासनेला येऊन बसायला अशा माणसाला मज्जाव नसे. कामकाजात मात्र त्याला जागा राहत नसे. पुढे याच घराण्यातल्या ॲन बूनने १७६०मध्ये अब्राहम लिंकन नावाच्या शेजाऱ्याशी लग्न केले, तेव्हा तिलाही सभेपुढे खेद व्यक्त करावा लागला. हा लिंकन म्हणजे त्याच नावाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पणजोबांचा सावत्र भाऊ.

कागद कुठे आहेत, हे थोडक्यात सांगते. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या सभांच्या वह्या स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत, उत्तर कॅरोलिनाच्या गिलफर्ड महाविद्यालयात. १८२७ साली इथल्या क्वेकरांत फूट पडली आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या वह्या ठेवल्या, त्यामुळे त्यानंतरच्या माणसासाठी दोन्हीकडे पाहावे. इंग्लंडातली जन्म, लग्न आणि मृत्यूची क्वेकर नोंदपुस्तके १८४०च्या कायद्यानंतर सरकारजमा झाली, ती लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विल्यम वेड हिन्शॉ यांनी १९३६पासून छापलेले क्वेकर वंशावळींचे जाडजूड खंड बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, त्यांत ‘एम. ओ. यू.’ दिसले की पंथाची संमती सोडून लग्न झाले असे समजावे. हे खंड म्हणजे सूची आहे, पुरावा नव्हे. मूळ पान उघडल्याशिवाय थांबू नये. परगण्यांच्या सीमाही तपासाव्यात. बूनचे ओली हे ठिकाण आज बर्क्स परगण्यात आहे, पण तो परगणा १७५२ साली झाला. जॉर्ज १७४४मध्ये वारला, तेव्हा त्या काळचे सरकारी कागद बर्क्सचे मुख्य ठाणे असलेल्या रेडिंगला नव्हे, फिलाडेल्फियाला शोधायचे.

घरात लिहून ठेवलेल्या टिपणांना मी एके काळी फारशी किंमत देत नसे, पण बून घराण्याचे टिपण वाचण्यासारखे आहे. जॉर्जचा नातू जेम्स बून याने ते १७८८च्या सुमारास तयार केले. गडी गणिती होता, आणि म्हणून जुन्या व नव्या पंचांगाच्या तारखा तो शेजारी शेजारी देतो. आजोबा वारले तेव्हा ८ मुले, ५२ नातवंडे आणि १० पंतवंडे हयात होती, अशी बेरीज करून तो म्हणतो की एकूण ७०, म्हणजे याकोबाच्या कुळातली जेवढी माणसे मिसर देशात उतरली तेवढीच. ७० हा आकडा बायबलातला असल्याने संशयाने पाहावा, असे कोणी म्हणेल. परंतु सभेच्या वह्यांशी ताडून पाहण्याजोगा तपशील या टिपणात भरपूर आहे, आणि त्यातला आगमनाचा काळ दाखल्याच्या नोंदीशी जुळतो.

एक गोष्ट व्याहीमंडळी सांगत नाहीत, कारण त्यांनाही ती ठाऊक नसते. क्वेकर म्हणजे गुलामगिरीचे विरोधक, असा सरसकट समज आहे. १६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या काही मंडळींनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला हे खरे, पण वरच्या सभांनी तो बाजूला ठेवला, आणि त्या भागातल्या मासिक सभांच्या वर असलेल्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्वातून काढण्याचा निर्णय १७७६ साली घेतला. म्हणजे त्याआधीची जवळजवळ नव्वद वर्षे अनेक सधन क्वेकरांच्या घरी गुलाम होते. त्यांच्या मुक्ततेचे कागद हॅव्हरफर्डला आहेत. मालकाचे पूर्ण नाव आणि मुक्त झालेल्याचे बहुधा पहिले नाव व वय. तुमच्या नातवाच्या मूळपुरुषाचे नाव त्यात आले, तर शेजारचे ते दुसरे नावही वंशवृक्षाच्या त्याच पानावर लिहावे असे माझे मत आहे, मग व्याह्यांना काहीही वाटो. ज्या जमिनीवर हे सगळे वसले ती लेनापी या मूळनिवासी लोकांची होती, हेही तिथेच लिहिता येईल.

आता राहिला सभेने नाव काढलेल्या पूर्वजाचा प्रश्न, कारण बहुतेकांचा माग तिथेच तुटतो. वही गप्प झाली की जमीन, कर आणि न्यायालय यांच्याकडे वळावे. स्क्वायर बून १७५०मध्ये पेनसिल्व्हेनिया सोडून उत्तर कॅरोलिनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्यात गेला, आणि तिथल्या जमिनीचा मालक लॉर्ड ग्रॅनव्हिल याच्याकडून मिळालेल्या ६४० एकरांच्या सनदेत १७५३ साली पुन्हा दिसतो. थोरल्या जॉर्जच्या कबरीवर नावाचा दगड नाही, कारण त्या काळचे क्वेकर असा दगड म्हणजे बडेजाव मानत. स्क्वायरला तो निर्बंध उरला नव्हता. मॉक्सव्हिलजवळच्या जोपा दफनभूमीत त्याचा दगड आहे. वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये लिहिले आहे, की तो २ जानेवारी १७६५ रोजी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी वारला. त्याचा जन्म २५ नोव्हेंबर १६९६चा, म्हणजे अडुसष्ट पुरी होऊन एकोणसत्तरावे चालू होते. दगड कोरणाऱ्याला स्पेलिंग येत नसले, तरी हिशेब बरोबर आहे.